मेल नेमका कुठे अडला? लिनक्सवरच्या पोस्टफिक्स-डव्हकॉट सर्व्हरची तपासणी, पायरी पायरीने

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल असो, शिरपूरकडची जिनिंग असो की रावेरचा केळी व्यापारी, मेल बंद पडला की फोन एकच येतो : ‘मेल जाई नही राहिना भाऊ.’ या एका वाक्याच्या पोटात बरेच वेगवेगळे बिघाड असतात. मेल आपल्या मशीनमधून बाहेरच पडला नसेल. बाहेर पडून समोरच्याने परत पाठवला असेल. समोर पोहोचून स्पॅममध्ये पडला असेल. किंवा मेलला काहीच झालेलं नसेल, फक्त मुनीमजींच्या आउटलुकला लॉगिन मिळत नसेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. तो ओळखण्याआधी कॉन्फिगरेशनला हात लावला तर मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे दोन उभे राहतात.

या लेखात गृहीत धरलेली रचना आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळते ती आहे : उबुंटू, डेबियन किंवा रेड हॅट घराण्यातलं लिनक्स, मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स उघडायला डव्हकॉट. पोस्टफिक्स वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिला, १९९८ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याची मांडणी इतकी शिस्तशीर आहे की प्रत्येक मेलचा माग सापडतोच. कमांडा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.

पहिली पायरी : फोनवरच चार प्रश्न

मशीनवर लॉगिन करण्याआधी विचारा. मेल जात नाही की येत नाही? सगळ्यांचा अडलाय की एकाचाच? सगळीकडे जात नाही की एखाद्याच पार्टीला, समजा दिल्लीच्या आडत्याला, जात नाही? आणि शेवटचा चांगला मेल कधी गेला? चौथ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं. ‘काल दुपारी नेटवाला येऊन राउटर बदलून गेला, तेव्हापासून’ असं उत्तर आलं तर निम्मं निदान तिथेच झालं. एकाच माणसाची तक्रार असेल तर सर्व्हर सोडा, आधी त्याचा पासवर्ड आणि त्याचा संगणक बघा.

दुसरी पायरी : मशीन जागेवर आहे का?

डिस्क आधी. ‘डीएफ -एच’ आणि त्यापाठोपाठ ‘डीएफ -आय’. पहिल्यात जागा कळते, दुसऱ्यात आयनोड, म्हणजे आणखी किती फाइली मावतील त्याचा हिशोब. मेलबॉक्स मेलडिर पद्धतीचे असतील तर प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते, त्यामुळे जागा शिल्लक असूनही आयनोड संपू शकतात. जागा कमी पडली की पोस्टफिक्स ‘४५२ ४.३.१ इन्सफिशियंट सिस्टिम स्टोरेज’ म्हणत नवे मेल घेणं थांबवतो. पूर्ण शून्य व्हायची तो वाट बघत नाही. ठरवलेल्या कमाल मेल-आकाराच्या दीडपट जागा मोकळी नसेल तरी तो नाही म्हणतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरचे हाल होतात. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी तापून दमलेली, मशीन धाडकन बंद. परत चालू झाल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. एक, डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट झाली आहे का. दोन, घड्याळ. मदरबोर्डची छोटी बॅटरी संपली असेल तर तारीख काही वर्षं मागे जाते, सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि डव्हकॉट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, वेळ मागे गेल्याची तक्रार करतो. ‘टाइमडेटसीटीएल’ दिलं की घड्याळ बरोबर आहे का आणि ते नेटवरून जुळतंय का, दोन्ही कळतं. रांगेतल्या मेलांची मात्र चिंता नको. पोस्टफिक्स मेल डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय समोरच्याला ‘२५० ओके’ म्हणत नाही, त्यामुळे एकदा स्वीकारलेला मेल नुसत्या लाइट जाण्याने हरवत नाही.

आता सेवा चालू आहे का ते बघा. डेबियन-उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स’ला ‘अॅक्टिव्ह एक्झिटेड’ असं उत्तर येतं. त्यावरून पोस्टफिक्स चालू आहे की बंद, काहीच कळत नाही. त्यापेक्षा ‘एसएस -टीएलएनपी’ टाका आणि २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेलच्या दरवाजावर, कोण ऐकतंय ते पाहा. तिथे फक्त १२७.०.०.१:२५ दिसत असेल तर सर्व्हर स्वतःशीच बोलतोय, बाहेरचा मेल त्याच्यापर्यंत येणारच नाही. तेव्हा ‘आयनेट_इंटरफेसेस’ ऑल करा. हा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, पोस्टफिक्स बंद करून पुन्हा चालू करावा लागतो.

तिसरी पायरी : लॉग, आणि परत लॉग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उबुंटू-डेबियनवर फाइल आहे /व्हार/लॉग/मेल.लॉग, रेड हॅट घराण्यात /व्हार/लॉग/मेललॉग. नव्या मशीनवर ही फाइल नसेल तर ‘जर्नलसीटीएल’मधून तोच मजकूर मिळतो. प्रत्येक मेलला आत शिरताना एक क्यू आयडी मिळतो. ट्रान्सपोर्टवाल्याचा बिल्टी नंबर जसा, तसाच हा. माल कुठल्या नाक्यावर आहे ते नंबरावरूनच कळतं. पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पत्ता ‘ग्रेप’ने शोधा, आयडी मिळवा, मग त्या आयडीने पुन्हा ‘ग्रेप’ करा. त्या मेलची जन्मापासूनची सगळी कहाणी चार-सहा ओळींत समोर येते. शेवटी ‘रिमूव्हड’ ही ओळ असेल तर त्याचं रांगेतलं काम संपलं.

एक ओळ नीट वाचून बघू :

४एफ३बी९सी०ए१: टू=<अकाउंट्स@एक्झाम्पल.कॉम>, रिले=नन, डिले=३०, डिलेज=०.०८/०.०१/३०/०, डीएसएन=४.४.१, स्टेटस=डिफर्ड, कनेक्शन टाइम्ड आउट

‘रिले=नन’ म्हणजे समोरच्या कुठल्याही सर्व्हरशी गाठ पडली नाही. ‘डिलेज’मधले चार आकडे तर सोन्यासारखे आहेत. पहिला रांगेत नीट लागेपर्यंतचा वेळ, दुसरा रांग सांभाळणाऱ्याकडचा, तिसरा जोडणीचा, म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), नमस्कार-चमत्कार आणि टीएलएस (जोडणी कुलूपबंद करणं) धरून, आणि चौथा प्रत्यक्ष मेल पोहोचवण्याचा. इथे तिसरा आकडा ३० आहे. पोस्टफिक्स जोडणीसाठी मुळात तीस सेकंदच थांबतो. म्हणजे हा दरवाजाच बंद आहे. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं ती डीएनएसमधली नोंद), पासवर्ड, सर्टिफिकेट यांतल्या कशाचाही इथे संबंध नाही, आणि हे आपल्याला एका ओळीतून कळलं.

‘डीएसएन’चा, म्हणजे मेलच्या निकालाच्या कोडचा, पहिला अंक कायम बघा. ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करेल. ५ असेल तर समोरच्याने ठाम नकार दिलाय आणि मेल पाठवणाऱ्याकडे परतलाय. २ असेल आणि ‘स्टेटस=सेंट’ असून रिलेमध्ये समोरच्याच सर्व्हरचं नाव असेल तर मेल त्याच्या ताब्यात गेला. आता तो दिसत नसेल तर शोध समोरच्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये घ्यायचा, आपल्या सर्व्हरमध्ये नाही.

चौथी पायरी : रांग

‘पोस्टक्यू -पी’ दिलं की अडलेले मेल कारणासकट दिसतात. एखादा मेल उघडून बघायचा असेल तर ‘पोस्टकॅट -क्यू’ आणि पुढे आयडी. मूळ सेटिंगनुसार पोस्टफिक्स किमान ३०० सेकंद, मग वाढत वाढत कमाल ४००० सेकंदांच्या अंतराने प्रयत्न करतो आणि पाच दिवसांनी हार मानतो. या पाच दिवसांत तो पाठवणाऱ्याला काहीच सांगत नाही, कारण ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ मुळात शून्य असतं. केळीचा भाव रोज बदलतो. सोमवारी पाठवलेलं भावपत्रक गेलंच नाही हे शनिवारी कळून काय उपयोग? माझं स्पष्ट मत आहे की व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर हे सेटिंग एक तासावर आणलंच पाहिजे. तासाभरात ‘मेल अजून अडलेला आहे’ अशी सूचना आली की माणूस फोन उचलून भाव सांगून मोकळा होतो.

दोष निघाल्यावर ‘पोस्टक्यू -एफ’ने रांग पुन्हा हलवता येते. दोष कायम असताना ही कमांड वारंवार देऊ नका. समोरचा सर्व्हर आधीच ‘हळू पाठवा’ म्हणत असेल तर तो आणखी चिडतो. आणि ‘पोस्टसुपर -डी ऑल’ अख्खी रांग पुसून टाकते. त्यात कुणाचं टेंडर, कुणाचं बिल असतं. रांगेत काय आहे ते वाचल्याशिवाय ती देऊच नका.

पाचवी पायरी : बाहेरचा दरवाजा, म्हणजे २५ नंबरचा पोर्ट

वरच्या ओळीसारखा टाइमआउट आला तर सर्व्हरवरूनच ‘एनसी -व्हीझेड’ने समोरच्या मेल सर्व्हरचा २५ पोर्ट वाजवून बघा. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी तोच टाइमआउट आला तर आपल्याकडूनच बाहेर जायला बंदी आहे. कित्येक ब्रॉडबँड जोडण्यांवर हा पोर्ट बंद असतो. भाड्याच्या क्लाउड मशीनवरही तेच : गूगल क्लाउड तो बाहेर जाऊ देत नाही, अॅमेझॉनवर खास विनंती करावी लागते.

ऑफिसमधल्या ब्रॉडबँडवरून थेट जगाला मेल पाठवण्याचा हट्ट सोडून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. पोर्ट उघडून मिळाला तरी घरगुती जोडण्यांचे आयपी स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नयेत अशा आयपींच्या यादीत) असतात आणि मोठे सर्व्हर तिथून आलेला मेल घेत नाहीत. मेलबॉक्स खुशाल ऑफिसात ठेवा, बाहेर पाठवायचं काम मात्र एखाद्या रिले सेवेकडे, म्हणजे आपल्या वतीने मेल पुढे नेणाऱ्या सर्व्हरकडे, द्या. ‘रिलेहोस्ट’मध्ये त्या सेवेचं नाव चौकोनी कंसात लिहा आणि पुढे :५८७ लावा. कंस असला की पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (डोमेनचा मेल कोणता सर्व्हर घेतो ती डीएनएस नोंद) शोधत बसत नाही. पासवर्डाची फाइल बनवून तिच्यावर ‘पोस्टमॅप’ चालवा आणि परवानगी ६०० ठेवा. एवढं करूनही ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ आलं तर दोन जागा बघा. ‘एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स’मध्ये फक्त ‘नोअॅनॉनिमस’ ठेवलंय का? मूळ सेटिंग साधा पासवर्ड पाठवू देत नाही, म्हणून टीएलएस सक्तीचं करून हे बदलावं लागतं. दुसरं, डेबियन-उबुंटूवर ‘लिबसॅसल२-मॉड्यूल्स’ आणि रेड हॅटवर ‘सायरस-सॅसल-प्लेन’ हे पॅकेज टाकलंय का?

जीमेलच्या खात्यातून रिले करत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय मे २०२२ मध्ये बंद झाली. दुहेरी पडताळणी चालू करून अॅप पासवर्ड काढावा लागतो.

सहावी पायरी : डीएनएस आणि ओळखपत्रं

मेल जातोय, पण जीमेलकडून ५५० येतंय, अशी तक्रार असेल तर नकाराचं वाक्य पूर्ण वाचा. ५.७.२५ असेल तर आयपीला उलटं नाव, म्हणजे पीटीआर नाही. ५.७.२६ असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही जुळले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळले आहेत. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि गूगलकडे दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला दोन्ही हवीत, शिवाय डीमार्कही (ही दोन्ही जुळली नाहीत तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद).

पीटीआर डोमेनच्या पॅनलमध्ये लिहून उपयोग नसतो, तो आयपीच्या मालकाकडूनच लावून घ्यावा लागतो. ‘डिग -एक्स’ने आयपीचं नाव काढा, त्या नावाचा पुन्हा आयपी काढा. दोन्ही जुळले पाहिजेत, आणि ‘मायहोस्टनेम’ही तेच असावं. तिथे ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’ असेल तर कोण विश्वास ठेवेल? कधी कधी आयपीव्ही४ सगळं नीट असतं, पण मशीन गुपचूप आयपीव्ही६ वरून मेल पाठवत असतं आणि त्या पत्त्याला पीटीआर नसतो. लॉगमध्ये रिलेच्या पुढे दोन-दोन ठिपक्यांचा लांबलचक पत्ता दिसला की समजा. पीटीआर मिळत नसेल तर ‘आयनेट_प्रोटोकॉल्स’ आयपीव्ही४ वर ठेवून पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा.

एसपीएफमध्ये तीन चुका नेहमी सापडतात. एकाच डोमेनला दोन एसपीएफ नोंदी, ज्यामुळे दोन्ही बाद होतात. दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागतील इतके ‘इन्क्लूड’. आणि रिले सेवा बदलली, पण तिचं नाव नोंदीत घातलंच नाही. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती अवतरणांत तोडून भरावी लागते.

येणाऱ्या मेलांसाठी आणखी एक खाच आहे. स्पॅम अडवायला स्पॅमहाउसची यादी लावली असेल आणि सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ असेल, तर स्पॅमहाउस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरला (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरला) खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा आकडा देतो. पोस्टफिक्सला कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं वाटतं आणि तो येणारे सगळे मेल परत पाठवतो. स्वतःच्या मशीनवर ‘अनबाउंड’ हा आपला रिझॉल्व्हर बसवा, प्रश्न सुटतो.

‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ आलं, पण ‘डिग’ मात्र नीट चालतंय? राउटर बदलल्यानंतर हे हमखास दिसतं. डेबियनवर पोस्टफिक्सचे काही भाग /व्हार/स्पूल/पोस्टफिक्सच्या आत कोंडलेले असतात आणि तिथे डीएनएसच्या फाइलची जुनी प्रत पडून राहते. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला की नवी प्रत जाते.

सातवी पायरी : आपल्याच डोमेनचा मेल आपल्यालाच का मिळत नाही?

हा दोष लोकांना फार छळतो, म्हणून सावकाश बघू. धुळ्याच्या एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट एका लिनक्स सर्व्हरवर आहे आणि मेलबॉक्स दुसऱ्याच कंपनीकडे. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म ग्राहकाच्या जीमेलला पोच पाठवतो, ती जाते. संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावर मात्र काहीच येत नाही. लॉगमध्ये दिसतं : ‘५.१.१ युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’. कारण असं की सर्व्हर बसवताना डोमेनचं नाव ‘मायडेस्टिनेशन’मध्ये पडलं. त्यामुळे पोस्टफिक्सला वाटतं, हे डोमेन माझंच आहे. तो एमएक्स बघायला बाहेर जातच नाही, घरातच तो माणूस शोधतो आणि नाही म्हणून सांगतो. ‘पोस्टकॉन्फ मायडेस्टिनेशन’ देऊन यादी बघा, डोमेन काढा, नुसतं लोकलहोस्ट आणि मशीनचं नाव राहू द्या, रीलोड करा. ‘व्हर्च्युअल’ याद्यांतही तेच डोमेन राहिलेलं नाही ना, हे सोबतच पाहा.

सेटिंग बदलताना फाइल हाताने उघडण्यापेक्षा ‘पोस्टकॉन्फ -ई’ वापरा. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा राहिली तर ती आधीच्या ओळीचा भाग धरली जाते, आणि एकच नाव दोनदा लिहिलं तर शेवटचं लागू होतं. या दोन कारणांनी ‘मी तर बदललं, पण फरकच पडत नाही’ ही अवस्था येते. ‘पोस्टकॉन्फ -एन’ खरोखर लागू असलेली, मुद्दाम दिलेली सेटिंग दाखवतं. बदलापूर्वी त्याचं आउटपुट तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा.

आठवी पायरी : लॉगिन आणि सर्टिफिकेट

‘डोव्हअॅडम ऑथ टेस्ट’ आणि पुढे युझरचं नाव. हे पास झालं, पण आउटलुक अजून नाही म्हणतंय, तर दोष पासवर्डात नाही, मधल्या वाटेत आहे. पाठवताना लॉगिन फसत असेल तर /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ हे सॉकेट (पोस्टफिक्स आणि डव्हकॉट यांच्यातला दुवा) आहे का आणि त्याचा मालक पोस्टफिक्स आहे का बघा. लोकांच्या संगणकावर पाठवण्याचा पोर्ट ५८७ किंवा ४६५ असावा, मेल वाचण्याचा ९९३. २५ हा फक्त सर्व्हर-सर्व्हरमधला रस्ता आहे.

डेबियन १३ वर अपग्रेड केल्यापासून डव्हकॉट उठतच नसेल तर डव्हकॉट २.४ आलंय. त्याची कॉन्फिगरेशनची भाषा जुन्या २.३ शी जुळत नाही, पहिल्याच ओळीत कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते. हे काम अर्ध्या तासाचं नाही, रविवार राखून ठेवा.

लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट सध्या ९० दिवस चालतं. ते आपोआप नवं होतं, पण डव्हकॉट जुनंच हातात धरून बसतो. नूतनीकरणाच्या हुकमध्ये (नूतनीकरण झालं की आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांचं रीलोड घाला आणि सेटिंगमध्ये ‘फुलचेन’ (सर्टिफिकेटांच्या पूर्ण साखळीची) फाइल द्या. ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’ने ९९३ ला जोडून तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मोठी फाइल जात नसेल तर ‘मेसेज_साइझ_लिमिट’ बघा. मुळात ते १०२४०००० बाइट असतं, आणि मेलमध्ये फाइल साधारण सदतीस टक्के फुगते. म्हणजे सात-साडेसात एमबीच्या वरची स्कॅन केलेली पावती अडणारच.

नववी पायरी : रांगेत हजारो परके मेल

‘पोस्टक्यू -पी’च्या शेवटच्या ओळीत अचानक हजारांचा आकडा दिसला तर बहुधा कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेलाय. आधी ‘पोस्टसुपर -एच ऑल’ने रांग जागच्या जागी थोपवा. यात काही पुसलं जात नाही. मग लॉगमध्ये ‘एसएएसएल_युझरनेम’ शोधून कोणाचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं ते मोजा. त्याचा पासवर्ड बदला, ‘डोव्हअॅडम किक’ने चालू जोडण्या तोडा, पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा. त्यानंतरच त्या एका नावाचे मेल पुसा आणि बाकीचे कॅपिटल अक्षरातल्या ‘-एच’ने सोडा. लॉगमध्ये लॉगिनचं नावच नसेल तर ‘मायनेटवर्क्स’ बघा. तिथे ०.०.०.०/० किंवा कुणीतरी घातलेला एखादा भलामोठा पट्टा असेल तर सर्व्हर जगासाठी उघडा आहे. फक्त १२७.०.०.०/८ आणि ऑफिसचं अंतर्गत नेटवर्क ठेवा. वेबसाइट त्याच मशीनवर असेल तर तिच्या फॉर्ममधूनही हे होऊ शकतं. तिथे मेल ‘पिकअप’मार्फत आत आलेला दिसतो आणि युझर वेब सर्व्हरचा असतो.

सगळं जागेवर आल्यावर जीमेलच्या एका पत्त्यावर चाचणीचा मेल टाका, तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं की मुनीमजींना फोन करून सांगा, पाठवा आता बिलं.